एका शब्दाची जबाबदारी

'थिऑलॉजी' या शब्दाला मराठीत सर्वमान्य असा प्रतिशब्द नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. प्रबंध लिहून झाला होता, पदवी मिळाली होती, आणि ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून चर्चासत्रांची निमंत्रणेही येऊ लागली होती. 'धर्मशास्त्र' म्हणावे तर मराठी वाचकाच्या मनात मनू, याज्ञवल्क्य आणि पां. वा. काणे यांचे प्रचंड खंड उभे राहतात. आचार, व्यवहार व प्रायश्चित्त हा त्या शास्त्राचा प्रांत. 'ब्रह्मविद्या' म्हणावे तर ती जाणणाराच मुक्त होतो. ख्रिस्ती थिऑलॉजीचा पंडित मात्र केवळ पांडित्यामुळे तरतो असे त्या परंपरेने कधी मानलेले नाही. 'ईश्वरविज्ञान' हा शब्द ख्रिस्ती लेखनात आढळतो, पण त्यातील 'विज्ञान' आज प्रयोगशाळेकडे ओढ घेते. प्रबंधात मी या प्रश्नाला एक तळटीप दिली आणि पुढे गेलो. त्या तळटीपेचे प्रायश्चित्त म्हणजे हा लेख, असे म्हटले तरी चालेल.

माझा प्रबंध फादर थॉमस स्टीफन्स याच्या 'क्रिस्तपुराणा'च्या शब्दकळेवर होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टी प्रांतात राहिला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ या वर्षी त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्या शतकातील छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे ते देवनागरीत मराठी वाचकाच्या हाती आले. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. हे सर्व तपशील माझ्या पहिल्या प्रकरणात होते. चौथ्या प्रकरणात संज्ञांची कोष्टके होती. 'वैकुंठ', 'मोक्ष', 'तारक' अशा शब्दांपुढे मी 'सांस्कृतिक रूपांतर' असा शेरा मारला होता. क्रूस, बाप्तिस्मा या जातीच्या परभाषेतून तशाच आलेल्या शब्दांपुढे 'आदान' असा. आशयाविषयी मी मौन पाळले. आशय हा प्रचाराचा, भाषा तेवढी वाङ्मयाची, अशी वाटणी आमच्या समीक्षेत रूढच होती. वाङ्मयेतिहासांत 'मिशनऱ्यांचे कार्य' या मथळ्याखाली व्याकरण, कोश आणि छापखाना यांची नोंद होते, त्यांचे आभार मानले जातात, आणि ते लोक हे सर्व कशासाठी करीत होते हा प्रश्न सभ्यपणे टाळला जातो. मीही तो टाळला.

प्रबंधाची एक प्रत मी माझ्या शाळेतील गुरुजींना नेऊन दिली. वर्ध्याला माध्यमिक शाळेत त्यांनी मला मराठी शिकविले. ते जन्माने ख्रिस्ती. त्यांचे आजोबा स्कॉटिश मिशनच्या काळातील. आमचे घर वारकरी. एकादशीला आमच्याकडे भजन असे आणि नाताळला गुरुजींकडून करंज्या येत. शाळेत ज्ञानेश्वरीचे वेचे शिकवताना हा माणूस इतका रंगून जाई की त्याचा धर्म वेगळा आहे हे आम्हां मुलांना कोणी सांगितल्यावरच आठवे. प्रबंध त्यांनी महिनाभर ठेवून घेतला. परत देताना म्हणाले, "मोजणी चोख केली आहेस. पण शेताची मोजणी करणारा तलाठी पेरणीविषयी काही बोलत नाही, तसं झालं आहे." मी हसलो. ते हसले नाहीत.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मधल्या काळात मी थोडे वाचले. थिऑलॉजी ही ईश्वराविषयीच्या सिद्धांतांची बंदिस्त पेटी असावी, अशी माझी समजूत होती. इतिहास तसे सांगत नाही. ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणुकीवर लिहिलेला ग्रंथ मुख्यतः वाचनाविषयी आहे: चिन्ह म्हणजे काय, वाच्यार्थ कोठे धरावा, लक्षणा कोठे मानावी, दोन अर्थ संभवत असतील तर निवड कशाच्या आधारे करावी. अकराव्या शतकातील अ‍ॅन्सेल्मने श्रद्धा हीच समजुतीच्या शोधात निघते असे मानले. म्हणजे शंका ही या शास्त्राची वैरीण नाही, तिच्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. आणि आपण ज्याला आधुनिक अर्थमीमांसेचा जनक म्हणतो तो श्लायरमाखर बर्लिनमध्ये थिऑलॉजीचाच प्राध्यापक होता. आमच्या समीक्षेने ज्या घरातून भांडीकुंडी उसनी आणली, त्या घराचा पत्ता मात्र ती विसरली.

या शास्त्राचा सर्वांत प्रसिद्ध वाद एका शब्दावरून झाला. ३२५ साली निकेआ येथे जमलेल्या धर्मगुरूंनी पुत्र हा पित्याशी 'एकतत्त्व' आहे असे ठरविले. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलात नाही. पुढे काहींनी 'समतत्त्व' असा शब्द सुचविला. ग्रीकमध्ये या दोन शब्दांत केवळ एका स्वराचा फरक. त्या स्वरावरून अर्धशतक वाद चालला आणि धर्मगुरूंना हद्दपारी भोगावी लागली. मी हे वर्गात गंमत म्हणून सांगत असे. मुले हसत. आपल्याकडेही 'अद्वैत' आणि 'विशिष्टाद्वैत' यांतील अंतर शब्दांनीच राखलेले आहे, आणि त्यावरून मठ, कुळे व पंक्ती वेगळ्या झाल्या आहेत, हे मात्र त्या हसण्यात आम्ही विसरत होतो.

२०१८ च्या पावसाळ्यात गुरुजींच्या पत्नी वारल्या. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. त्यांचे माहेर देवळी तालुक्यातील शेतकरी घर. वडील वारीला जात. लग्नाआधी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. चर्चमध्ये त्या नियमाने जात, बायबल वाचीत, आणि गेलेल्या कोणाही माणसाविषयी बोलताना 'वैकुंठाला गेला' असेच म्हणत. साठ वर्षांत ती सवय गेली नाही, आणि ती घालवावी असे गुरुजींनाही वाटले नव्हते.

दफनानंतर महिन्याभराने गुरुजींनी मला बोलावले. कबरीवर दगड बसवायचा होता. नाव आणि साल यांखाली एक ओळ, फार तर एक शब्द, कोरायचा होता. धाकट्या मुलीचे म्हणणे, आईच्या तोंडचा शब्द तिच्या दगडावर असावा, 'वैकुंठवासी' लिहावे. थोरला मुलगा मंडळीच्या समितीवर आहे. तो म्हणाला, हा आपला शब्द नव्हे, पाळक आक्षेप घेतील, आणि त्यांनी नाही घेतला तर मी घेईन. बहीणभाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. मुलीला कोणीतरी सांगितले होते की याच विषयात माझी पदवी आहे.

मी तयारीनिशी गेलो. माझ्यापाशी भक्कम पुरावा होता. १६१६ साली, रोमच्या आज्ञेत राहणाऱ्या जेझुइटाने, वरिष्ठांच्या संमतीने छापलेल्या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला आहे. चारशे वर्षांची परंपरा असलेला शब्द परका कसा? मी चौथ्या प्रकरणातील कोष्टक उघडून दाखविले. मुलीचा चेहरा उजळला. थोरल्याने मान खाली घातली. त्याच्यापाशी माझ्या कोष्टकाला उत्तर नव्हते.

गुरुजी म्हणाले, "स्टीफन्सनं तो शब्द लिहिला, खरं आहे. पण त्याच्या एका शब्दाभोवती अकरा हजार ओव्या आहेत. आदामाची गोष्ट आहे, क्रूस आहे, तिसऱ्या दिवशीची रिकामी कबर आहे. वाचणारा तिथवर पोचेपर्यंत वैकुंठाचा अर्थ बदललेला असतो. माझ्या दगडावर ओव्या नाहीत. तिथं तो शब्द एकटा उभा राहील, आणि एकटा पडला की माहेरी जाईल."

मी गप्प राहिलो. त्यांनी पुढे जे सांगितले ते थोडक्यात असे. वैकुंठ हे एक ठिकाण आहे. जीव तेथे पोचला की त्याचा प्रवास संपला. देह येथे पडला, त्याचे काम झाले. ख्रिस्ती माणूस मात्र देह जाळण्याऐवजी मातीत ठेवत आला, तो देहालाही काही भवितव्य आहे या विश्वासाने. "मी साठ वर्षं हिच्या हातचं जेवलो. हे हात परत मिळतील असं मला शिकवलं आहे. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, पण मी त्याची वाट पाहतो आहे. वैकुंठवासी लिहिलं तर वाट पाहायचं काही उरत नाही." असे म्हणून ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

माझ्या कोष्टकात 'वैकुंठ' आणि 'स्वर्ग' हे एकाच रकान्यात होते. शैलीच्या दृष्टीने ते पर्याय होते. या माणसाच्या लेखी त्या दोन शब्दांमधून त्याची बायको त्याला परत मिळणार की नाही हा प्रश्न जात होता. थिऑलॉजी म्हणजे काय हे मला त्या दुपारी समजले असा दावा मी करीत नाही. ती कशासाठी असते, हे मात्र दिसले. आपण जो शब्द उच्चारतो तो आपल्याला कशाशी बांधून घालतो, याचा हिशेब ठेवणे, हे तिचे काम आहे.

मग स्टीफन्सचे काय? त्याने हिशेब ठेवला नव्हता काय? ठेवला होता, पण त्याचा प्रसंग निराळा होता. पुराणाच्या आरंभीच, जुनी पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही द्या, अशी मागणी एक नवख्रिस्ती ब्राह्मण करतो. ही मागणी निरागस परिस्थितीत झालेली नाही. साष्टीतील देवळे १५६७ पासून पाडली गेली होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावावर जो सूड उगवला गेला तोही इतिहासात आहे. ज्यांचे वैकुंठ हिरावून घेतले त्यांनाच 'वैकुंठ' हा शब्द परत देणे, यात करुणा किती आणि ताबा किती, हे वेगळे काढता येत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्धच हुकूम काढला. तेव्हा कोष्टकातील 'सांस्कृतिक रूपांतर' हा शेरा दोन्हीकडून अपुरा पडतो. त्यात श्रद्धेची जोखीमही दिसत नाही आणि सत्तेचा हातही नाही.

हाच प्रश्न पुढे मराठीत दोन माणसांनी दोन दिशांनी सोडविला. रेव्हरंड ना. वा. टिळक यांना नव्या कराराची प्रत मिळाली ती १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. अभंगाची घडण, माऊलीची हाक, दिंडीची लय हे सर्व त्यांनी बरोबर नेले. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा असे त्यांना वाटले नाही. पंडिता रमाबाईंनी उलट केले. १८८०च्या दशकात इंग्लंडमधील धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेतात आणि क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही विचारतात. दुसऱ्याच्या अधिकाराने सांगितलेले त्यांना नको होते. केडगावला आयुष्याच्या अखेरीस त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते अशिक्षित स्त्रीला कळावे अशा साध्या मराठीत. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याची जुळणी आणि छपाई केली. पंडिती शब्दांचे सर्व वैभव ज्या बाईपाशी होते, तिनेच ते बाजूला ठेवले. त्या शब्दांनी बायकांना काय दिले हे तिला ठाऊक होते. टिळकांनी जुने शब्द ठेवून अर्थ वळविला. रमाबाईंनी अर्थासाठी जुने शब्द सोडले. आमची समीक्षा पहिल्याला काव्य म्हणते आणि दुसरीला भाषांतर. दोघेही थिऑलॉजी करीत होते.

वर्ध्यात बसून या विषयावर लिहिताना मगनवाडीचे नाव टाळता येणार नाही. गुरुजींच्या फडताळात जे. सी. कुमारप्पा यांची दोन लहान पुस्तके होती. तंजावरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला, लंडनला हिशेबतपासनीस झालेला आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस १९२९ मध्ये गांधीजींना भेटला, आणि १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाल्यावर मगनवाडीत येऊन राहिला. 'कॉर्नेलियस' हे आडनाव त्याने सोडले. ख्रिस्त सोडला नाही. १९३० सालीच त्याने कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांना पत्रे लिहून, अहिंसक सत्याग्रहींवर लाठ्या पडत असताना ख्रिस्ताची मंडळी कोणत्या बाजूला आहे, असा प्रश्न केला होता. येशूच्या शिकवणुकीवरील त्याचे छोटे पुस्तक तुरुंगात लिहिलेले. त्याला गांधीजींची प्रस्तावना आहे. पण त्याची खरी थिऑलॉजी मला हातकागद, तेलघाणी आणि गूळ यांच्या लेखनात सापडते. वस्तू विकत घेणारा माणूस, ती वस्तू कशी निर्माण झाली, तिच्यामागे कोणाची पिळवणूक झाली, याला जबाबदार असतो, असे तो म्हणतो. हे अर्थशास्त्र आहे. पण भाकरी मोडताना ती कोणाच्या देहाची आहे हे विचारण्याची सवय ज्याला लहानपणापासून लागली, त्यालाच ते अशा रीतीने सुचावे. गुरुजींनी लहानपणी मगनवाडीत कागदाचा लगदा ढवळताना पाहिला होता. ते म्हणत, "आमच्या पाळकांनी स्वर्ग शिकवला, कुमारप्पांनी 'आमची रोजची भाकर' यातला 'आमची' शिकवला."

म्हणजे एक सर्वनाम. पुढे १९८१ साली बंगळुरूला अरविंद निर्मल यांनी हेच सर्वनाम दलितांच्या बाजूने विचारले: ख्रिस्ती थिऑलॉजी म्हणते 'आम्ही', त्या 'आम्हां'त ख्रिस्ती झालेल्या दलिताचे पूर्वज आहेत काय? ब्राह्मण ख्रिस्ती विद्वानांनी वेदान्ताशी संवाद साधला, त्याला भारतीय थिऑलॉजी असे नाव मिळाले. गावकुसाबाहेरच्या माणसाची वेदना त्यात कोठे आहे? दलित साहित्याने मराठी समीक्षेला विचारलेला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता. पण दलित साहित्यावर जितकी चर्चासत्रे झाली, तितकी माणसेही आमच्या विभागांत निर्मलांचे नाव जाणत नाहीत. ख्रिस्ती म्हटले की तो प्रांत आपला नाही, ही वाटणी तेथेही कायम राहिली.

मला येथे ख्रिस्ती मताची भलामण करावयाची नाही. मी वारकरी घरातला, आणि माझ्यापुरता बहुधा श्रद्धाहीन आहे. शिवाय एका घरातील शोकाचा मी माझ्या अभ्यासासाठी उपयोग करून घेत आहे काय, ही शंका लिहिताना सतत येते. गुरुजींनी परवानगी दिली होती, एवढेच समाधान. परंतु समीक्षक म्हणून मला हे कबूल केले पाहिजे, की शब्दाच्या सूक्ष्मतेचा जो अभिमान आम्ही बाळगतो तो बहुधा बिनजोखमीचा असतो. आमचा अर्थ चुकला तर एखादा परिच्छेद बदलावा लागतो. ज्या परंपरेत अर्थ चुकल्यास माणसाची आशाच चुकते, त्या परंपरेतील लेखन वाचताना केवळ शैली पाहणे हे तटस्थपण नव्हे. ते अर्धेच वाचन आहे.

दगडाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आणखी पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी गुरुजी स्वतःच आमच्या घरी आले. माझी आई ओसरीत बसली होती. तिच्याशी काकूंच्या माहेरच्या गोष्टी निघाल्या. आईने सहज विचारले, "अंत्ययात्रेत तुमच्याकडे विसावा देतात का हो?" आमच्या भागात तिरडी स्मशानाच्या वाटेवर एकदा खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, आणि पुन्हा उचलतात, त्या जागेला विसावा म्हणतात. वारीच्या वाटेवर पालखी टेकते तोही विसावाच. गुरुजी नाही म्हणाले; मग गप्प झाले. थोड्या वेळाने आईला म्हणाले, "विसाव्यावर कोणी राहत नाही, नाही का?" आई म्हणाली, "राहील कसं? उठावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून शब्द सांगितला. मुलीला तो आईच्या माहेरचा वाटला. मुलाने तो पाळकांना दाखविला. ते म्हणाले, यात पुनरुत्थानाला बाध येत नाही. मला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. चार शतकांच्या ख्रिस्ती मराठीत हा शब्द या अर्थाने मी कोठे वाचलेला नव्हता. तो माझ्या कोष्टकात नव्हता.

दगडावर काकूंचे नाव आहे, दोन साले आहेत, आणि खाली 'विसावली' एवढेच आहे. २०२१ मध्ये गुरुजी गेले. त्यांच्या दगडावर काय लिहावे याची चर्चा झाली नाही. तोच शब्द पुल्लिंगी करून कोरला आहे.